सुल्माच्या झग्याचा सातवा तुकडा

उरुग्वेतल्या पायसांदू शहरात मोठे गुन्हे होत नाहीत, याचं कारण आपण तिथे राहतो, असं एर्मेनेहिल्दो बेन्तांकूर यांचं प्रामाणिक मत होतं. गुन्हेगार आपलं नाव ऐकूनच गळाठतात, असं ते चारचौघांत सांगत. त्यांच्या बायकोचं, म्हणजे नीबियाचं म्हणणं एवढंच होतं की नावच इतकं लांब आहे, ते पूर्ण ऐकेपर्यंत कुठलाही माणूस कंटाळून सुधारेल.

बेन्तांकूरांनी स्वतःचं वर्णन स्वतः लिहून, छापून घेऊन दारावर लावलं होतं. 'ए. बेन्तांकूर, अन्वेषक. नजर घारीची. स्मरणशक्ती अफाट. मौन अभेद्य. हरवलेलं सापडेल, लपवलेलं उघडकीस येईल. दुपारी दोन ते चार बेल वाजवू नये.' पाटी लावून सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत घारीच्या नजरेचा चष्मा नीबिया दिवसातून तीनदा शोधून देत असे, आणि अफाट स्मरणशक्तीच्या गोळ्या रोज सकाळी कॉफीबरोबर तीच त्यांच्या हातावर ठेवत असे. अभेद्य मौनाबद्दल तिला काही सांगता आलं नसतं, कारण ते तिच्या कधी ऐकण्यात आलं नव्हतं.

अन्वेषक होण्यापूर्वी एकतीस वर्षं ते रेल्वेच्या 'हरवले-सापडले'च्या खिडकीत बसले. छत्र्या, टोप्या, एकदा कुणाची कवळी, एकदा जिवंत बदक. यातलं काहीही त्यांनी शोधलेलं नव्हतं. वस्तू आपण होऊन खिडकीत येत आणि माणसं आपण होऊन त्यांच्यामागे येत. पण एकतीस वर्षं जर लोक 'सापडलं हो, देवासारखे भेटलात' असं म्हणून तुमचे हात हातात घेत राहिले, तर त्याचा डोक्यावर परिणाम होणारच. पेन्शनीत निघाल्यावर पंधरा दिवसांत पाटी लागली आणि नीबिया विनापगारी सहायक झाली. तिच्याकडे तीन कामं होती. वही लिहायची, काखेत गरम पाण्याचा थर्मास धरायचा आणि गप्प बसायचं.

त्या सोमवारी दुपारी बरोबर तीनला बेल वाजली. पाटी वाचता येत असूनही ती वाजवणारी बाई म्हणजे खरोखरच संकटात सापडलेली असणार, हे नीबियाने ताडलं. बेन्तांकूरांना उठवून, चष्मा देऊन, उजव्या बाजूचे उभे राहिलेले केस दाबून बसवेपर्यंत सुल्मा अरिएता दिवाणखान्यात येऊन खुर्चीवर बसलीसुद्धा होती.

सुल्माने बेचाळीस वर्षं एका नोटरीच्या कचेरीत जुन्या दस्तऐवजांची खोली सांभाळली. मार्चमध्ये ती निवृत्त झाली आणि तिचा रक्तदाब वाढला. डॉक्टर राजधानीहून नव्यानेच आलेला पोरगेलासा होता. त्याने गोळी दिली आणि वर सल्ला दिला की मन रमेल, डोकं शांत होईल असं हाताने काहीतरी करा. उदाहरणार्थ, जुन्या पॅटर्नवरून एखादा झगा शिवा. त्याची मावशी शिवते आणि तिला म्हणे फार शांत वाटतं. ही मावशी गावात कुणी पाहिलेली नव्हती.

सुल्माने शांत होण्याचं काम कचेरीच्या शिस्तीने हाती घेतलं. भिंतीवर वेळापत्रक लागलं. 'दहा ते बारा: शांत होणे. बारा ते एक: जेवण. दोन ते चार: शांत होणे.' आईच्या डब्यातून तिने अठ्ठावन्न सालचं झग्याच्या पॅटर्नचं पाकीट काढलं. पाकिटावर मुठीएवढ्या कमरेची एक बाई हसत उभी होती. सुल्माने चार मीटर निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं पॉपलीन आणलं, मशीनला तेल घातलं, नवी सुई लावली आणि पाकिटातले कागदाचे तुकडे टेबलावर मांडले. पाकिटावर छापलं होतं, 'नऊ भाग'. तुकडे भरले आठ. एक ते सहा होते, आठ आणि नऊ होते. सात नव्हता.

"मी तेरा वेळा मोजले," सुल्मा म्हणाली. "दाब एकशे सत्तरवर गेलाय."

"चौदाव्यांदा मी मोजेन," बेन्तांकूर म्हणाले आणि त्यांनी टोपी घातली.

वाटेत सुल्माने नीबियाला बाकीचं सांगितलं. झगा तिला शुक्रवारपर्यंत हवा होता, कारण शनिवारी सकाळी नऊच्या बसने ओब्दूलिया कायमची मोन्तेविदेओला मुलीकडे राहायला चालली होती, आणि स्टँडवर तिला पोचवायला जाताना काहीतरी बरं अंगात असावं, एवढंच. 'एवढंच' हा शब्द सुल्माने दोनदा वापरला.

ओब्दूलिया ही तिची भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. अडतीस वर्षं दोघी रोज संध्याकाळी पाचला एकाच तुंब्यातून, एकाच नळीने, येर्बाच्या पानांचा कडवट चहा पीत आल्या होत्या. एक दिवस हिच्या दारात, एक दिवस तिच्या. डॉक्टरने रक्तदाबाचं खापर निवृत्तीवर फोडलं होतं. पण निवृत्तीनंतरचे दोन महिने सुल्मा ठणठणीत होती, हे नीबियाला पक्कं आठवत होतं. दाब वाढला तो ज्या आठवड्यात ओब्दूलियाने घर विकायला काढलं त्या आठवड्यात. या साऱ्या प्रकरणातला हा पहिला खरा निष्कर्ष होता. तो वहीत लिहिला गेला नाही, कारण तो नीबियाचा होता.

घटनास्थळी पोचल्यावर बेन्तांकूरांनी आधी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. सगळे म्हणजे दोन बायका. मग त्यांनी भिंग काढून जेवणाचं टेबल तपासलं आणि सहा आणि आठ या तुकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेभोवती खडूने रेघ ओढली.

"हे काय?" सुल्माने विचारलं.

"इथे सात क्रमांक नाही," बेन्तांकूर गंभीरपणे म्हणाले. "लिही, नीबिया."

नीबियाने लिहिलं. सुल्माने फडकं आणून रेघ पुसली.

पाकिटात घडी घातलेला एक मोठा कागदही होता, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात छापलेला. शिवण्याच्या सूचना होत्या. बेन्तांकूरांनी तो चिमट्याने उचलला, उजेडासमोर धरला आणि यावर चोराच्या बोटांचे ठसे असणार, असं जाहीर करून नायलॉनच्या पिशवीत घातला. वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर सही, सहीखाली तारीख. तपास पुरा होईपर्यंत पिशवी कुणीही उघडायची नाही. सुल्माने जराही हरकत घेतली नाही. सूचना वाचून शिवणं हे तिकडे कमीपणाचं मानतात. पाणी कसं उकळावं हे पुस्तकात बघण्यापैकीच ते.

"सूचना नवशिक्यांसाठी असतात," ती म्हणाली. "माझ्या आईने मला झोडून शिकवलंय, वाचून नव्हे."

संध्याकाळपर्यंत बेन्तांकूरांचे दोन सिद्धांत तयार झाले. पहिला असा की पायसांदूच्या समोर नदी आहे, नदीपलीकडे आर्जेन्तिना आहे, तेव्हा अठ्ठावन्न साली सातव्या तुकड्यावर चोरट्या मालाच्या पडावांचा नकाशा असला पाहिजे. बायकांच्या झग्यावर कोण संशय घेणार? नीबियाने विचारलं, की मग चोरट्यांना झगा शिवता येत असे का. यावर वहीत फक्त 'विचाराधीन' असं लिहायचा हुकूम झाला. दुसरा सिद्धांत सुल्माच्या आईला लग्नाआधी आलेल्या एका गुप्त प्रेमपत्राविषयी होता. ते तो मांडत असतानाच सुल्मा उठून उभी राहिली. तिच्या हातात कापडाची मोठी कात्री होती. दुसरा सिद्धांत जागच्या जागी मागे घेण्यात आला.

मग बेन्तांकूरांनी पाकीट उलटं केलं आणि खुशीत येऊन स्वतःच्या मांडीवर थाप मारली. पाकिटाच्या मागे नावं होती. तिकडची रीतच आहे तशी. चांगला पॅटर्न एकीच्या घरी राहत नाही, अख्ख्या गल्लीचा असतो, आणि जी घरी नेते ती मागे आपलं नाव आणि साल लिहिते. आईच्या पाकिटावर अकरा नावं होती. सात जणी आता सरकारी दवाखान्यामागच्या कबरस्तानात होत्या. उरलेल्या चौघींना संशयित म्हणून घोषित करण्यात आलं.

मंगळवारी सकाळी साक्षी झाल्या. खाटकाच्या बायकोला सातवा तुकडा लख्ख आठवत होता. चांगला मोठा होता, अर्धचंद्रासारखा, त्याच्यामुळेच तर झग्याला घेर यायचा. तारऑफिसातून निवृत्त झालेल्या बाईंनाही तो आठवत होता. टोकदार, त्रिकोणी, एवढासा, पण सगळी मजा त्यातच. नव्वदी पार केलेल्या तिसऱ्या आजीबाईंनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला आणि ठामपणे सांगितलं की सात नंबरचे दोन होते. बेन्तांकूर धन्य झाले. साक्षीदारांमध्ये एकवाक्यता आहे, ते म्हणाले, तुकडा होता. नीबियाने ते उतरवून घेतलं आणि समासात आपल्यापुरतं लिहिलं, 'वाटेल त्या आकाराचा.'

राहिलं चौथं नाव. साल चौऱ्याहत्तर, ओब्दूलिया सिल्वेइरा. तिच्यानंतर पाकीट कुणी नेलं नव्हतं. ते डब्यात गेलं आणि परवापर्यंत डब्यातच होतं. आता शाळकरी पोरालासुद्धा उत्तर सांगता येईल, असं म्हणून बेन्तांकूरांनी मिशीवरून हात फिरवला. शिवाय ओब्दूलिया शनिवारी गाव सोडून चालली आहे. निर्दोष माणसं गाव सोडून कशाला जातील?

"मुलीकडे राहायला," नीबिया म्हणाली.

"असं ती म्हणते."

"तिचा गुडघा कामातून गेलाय. एकटीला जिना चढवत नाही. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे हे."

"असं गुडघा म्हणतो," बेन्तांकूर म्हणाले, आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी थर्मास नीबियाच्या काखेत दिला.

त्या दिवशी सुल्माच्या दारात बसायची पाळी होती. वेताच्या दोन खुर्च्या, मधे तिपाई. ओब्दूलिया दुखरा पाय लांब करून बसली होती. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं होतं. तिचा आवाज असा की ती कांद्याचा भाव विचारू लागली तर तीन दुकानं उत्तर देत. सुल्माने तुंब्यात पाणी ओतून नुकताच तिच्या हाती दिला होता. बेन्तांकूर त्या दोघींच्या समोर, फुटपाथवर उभे राहिले आणि त्यांनी भाषण सुरू केलं. चौऱ्याहत्तर सालापासून आरंभ करून, मैत्री हा चोराचा सगळ्यात चांगला बुरखा कसा असतो इथपर्यंत ते आले, तेव्हा जाणारे येणारे थांबू लागले होते. नीबियाला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

ओब्दूलिया ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. ती ओरडली नाही. तिने बेन्तांकूरांकडे पाहिलंसुद्धा नाही. नळी ओठांतून काढून तिने सुल्माला हळू आवाजात विचारलं, "तुलाही असंच वाटतं?"

सुल्माने नाही म्हणायला हवं होतं. पण तीन रात्री तिला झोप नव्हती, दाब चढलेला होता, आणि बेचाळीस वर्षं कागदांत काढलेल्या माणसाच्या तोंडून ऐन वेळी कागदच बोलतो. ती म्हणाली, "यादीत शेवटचं नाव तुझं आहे."

ओब्दूलियाने तुंब्यातलं पाणी नळी घुरघुरेपर्यंत शांतपणे ओढलं. तुंबा परत केला आणि म्हणाली, "आभारी आहे."

तिकडे येर्बाचा तुंबा परत देताना आभार मानले की त्याचा अर्थ, आता पुरे, मला पुन्हा देऊ नका. एरवी दोघींचा थर्मास तळाला जायला सात वाजत. त्या दिवशी पाच वाजून पाच मिनिटं झाली होती आणि हा पहिलाच तुंबा होता. ओब्दूलिया भिंतीला धरत आपल्या दारात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"गेली," बेन्तांकूर समाधानाने म्हणाले. "अपराधी माणूस थांबत नाही."

नीबियाला लग्नानंतर पहिल्यांदाच थर्मास कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला. थर्मास नवा होता म्हणून तिने तो विचार सोडला.

बुधवारी पाच वाजता दोन्ही दारं बंद होती. सुल्मा मशीनपुढे बसून होती. आठ तुकड्यांचं कापड बेतून, कापून, टीप मारून झालं होतं. झगा जवळजवळ उभा राहिला होता, पण तिचा त्यात जीव नव्हता. डॉक्टरने दाब मोजला तर एकशे नव्वद. त्याने गोळी बदलली आणि काळजीने विचारलं, "शिवण चालू आहे ना? ते मात्र सोडू नका."

गुरुवारी सकाळी सुल्माच्या दाराखालून काहीतरी आत सरकवलेलं सापडलं. वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा, त्यावर निळ्या पेन्सिलीने मोठा सात, आणि सोबत चिठ्ठी. 'चौऱ्याहत्तर साली मीच घेतला होता. पातळ कागद फाटला, म्हणून वर्तमानपत्रावर उतरवून ठेवला. आज ट्रंकेत सापडला. चुकलं माझं. ओब्दूलिया.'

बेन्तांकूर पायजम्यावरच आले. त्यांनी तुकडा हुंगला, भिंगाखाली धरला, खिडकीशी नेला आणि परत आणला. हा कागद किमान चाळीस वर्षांचा आहे, ते म्हणाले, हा पिवळेपणा बाजारात विकत मिळत नाही. त्यांनी चिठ्ठीतला कबुलीजबाब दोनदा मोठ्याने वाचला. मग यशाची भूक लागली म्हणून त्यांनी टेबलावरचे तीन बिस्कोचो, म्हणजे गोड पाव, खाल्ले आणि नीबियाला वहीत 'प्रकरण निकाली' असं लिहून खाली दोन रेघा मारायला सांगितलं.

सुल्मा खुर्चीवर बसून राहिली. तिला आनंद झालेला दिसत नव्हता. जरा वेळाने ती नीबियाला म्हणाली, "म्हणजे खरंच तिने घेतला होता."

"दिसतंय खरं तसं."

"मला इतके दिवस वाटत होतं, तुझा नवरा मूर्ख आहे. त्या आशेवर होते मी."

"आशा सोडू नकोस," नीबिया म्हणाली.

तरी तुकडा आलाच आहे तर तो लावून बघणं भाग होतं. त्याचा आकार डुकराची मांडी आणि पावसाळी बूट यांच्या मधला काहीतरी होता. सुल्माने उरलेल्या कापडातून तो कापला आणि झगा अंगात घालून आरशापुढे उभी राहिली. नीबिया टाचण्या लावत होती. गळ्याला तो तुकडा बसेना. बाहीला बसेना. कमरेला लावला तर खिशासारखा लोंबू लागला आणि त्या खिशाला तोंड नव्हतं. बेन्तांकूरांनी मागे सरून, एक डोळा मिटून, तो पाठीवर लावायला सांगितलं. तसा लावल्यावर सुल्मा कुणीतरी बांधून स्टेशनवर विसरून गेलेल्या सामानासारखी दिसू लागली, आणि बेन्तांकूरांच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांची जुनी माया उजळली.

"बरोबर बसला," ते म्हणाले. "त्या काळची फॅशनच तशी होती. आपल्याला ती कळत नाही, हा आपला दोष."

हे व्याख्यान चालू असताना वर्तमानपत्राचा तुकडा नीबियाच्या हातात होता. छापलेलं दिसलं की वाचायची तिला सवय, मग ते शेंगदाण्याच्या पुडीवर का असेना. तिने सात आकड्याची बाजू उलटी केली. मागे मृत्यूच्या सूचना होत्या. त्यातली एक तिने पुन्हा वाचली. घोड्यांचे नाल ठोकणारे सिप्रियानो यांच्या अंत्ययात्रेला आलेल्या सर्वांचे कुटुंबीय ऋणी आहेत. सिप्रियानो वारले त्याला आज नऊ दिवस झाले होते. अंत्ययात्रेला सगळी गल्ली गेली होती, आणि पेटीची मागची डावी मूठ स्वतः बेन्तांकूरांनी धरली होती. नीबियाने कागद नाकाशी नेला. चाळीस वर्षांच्या पिवळेपणाला येर्बाचा ताजा, कडवट वास येत होता. कुणीतरी कागद येर्बाच्या पाण्यात बुडवून चुलीवर वाळवला होता.

ती काही बोलली नाही. गप्प बसणं हे तिचं तिसरं काम होतंच. दुपारी दोनला बेन्तांकूर विजयी झोपेसाठी आडवे झाले. घोरणं ऐकू येताच नीबियाने त्यांच्या खणातून नायलॉनची पिशवी काढली, भाजी चिरायच्या सुरीने चिकटपट्टी, सही आणि तारीख तिन्ही एकदम कापलं आणि सूचनांचा कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर उलगडला. ती पहिल्या ओळीपासून वाचत गेली. दुसऱ्या बाजूला, अगदी तळाशी, बारीक अक्षरात होतं, 'भाग सात, कंबरपट्टा. याचा कागद दिलेला नाही. एक मीटर दहा लांब आणि आठ सेंटीमीटर रुंद अशी सरळ पट्टी थेट कापडावर मापाने आखून घ्यावी.'

नीबियाला हसू फुटलं. इतकं की तोंडावर ओट्यावरचं फडकं धरावं लागलं. अर्धचंद्र, त्रिकोण, सात नंबरचे दोन. चोरट्या पडावांचा नकाशा. अकरा बायकांनी हा झगा शिवला आणि साठ वर्षांत कागद एकीनेही वाचला नाही. मग तिचं हसू थांबलं. सातवा तुकडा मुळात नव्हताच, तर ओब्दूलियाने तो घेतला कसा? आणि घेतलाच नव्हता, तर त्या बाईने गेल्या आठवड्यातलं वर्तमानपत्र कापून, येर्बात बुडवून, स्वतःला चोर म्हणवून घ्यायचं कारण काय?

ती दोन्ही कागद घेऊन सरळ सुल्माकडे गेली. सुल्माने सूचना वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग सिप्रियानोची सूचना वाचली. तिच्या कानांपर्यंत रंग चढला आणि उतरला. अंगात झगा तसाच होता, पाठीवर टाचण्यांनी लावलेला तो बूटही तसाच. कापून झाल्यावर टेबलाच्या कडेला निळ्या ठिपक्यांची एक लांब, अरुंद पट्टी उरली होती, आणि एवढं कापड उरलं कसं याचा तिला दोन दिवस अचंबा वाटत होता. तिने ती उचलली, खडू आणि टेप घेतला आणि शेजारच्या दारावर थाप मारली.

ओब्दूलियाच्या घरात खोकी भरलेली होती. टेबल विकून झालं होतं, खुर्च्या दोरीने बांधल्या होत्या. ओब्दूलिया एका खोक्यावर बसून ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होती. सुल्माला झग्यासकट पाहून तिची नजर आधी पाठीवर गेली.

"हे काय लावलंयस मागे?"

"तू कापून दिलेला तुकडा."

"देवा रे," ओब्दूलिया म्हणाली. "आणि तू लावलास?"

सुल्माने तिच्यापुढे सूचनांचा कागद धरला आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. ओब्दूलियाने कागद हात लांब करून वाचला. चौऱ्याहत्तर साली तिने हा झगा साखरपुड्याला शिवला होता, तेव्हा तिने तुकडे मोजलेच नव्हते, ती म्हणाली. कमरेला साटीनची फीत बांधली होती. जे हातात आलं ते शिवलं, झालं. तेवढ्यात बेन्तांकूर धापा टाकत दारात उभे राहिले. उजव्या बाजूचे केस उभे होते आणि चष्मा नव्हता. कुणीही काही हलवू नका, असं त्यांनी बजावलं. घरातलं सगळंच हललेलं होतं. नीबियाने त्यांना चार वाक्यांत काय झालं ते सांगितलं. ते पाचव्या वाक्याची वाट बघत क्षणभर थांबले.

"मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, की या प्रकरणाची किल्ली त्या कागदात आहे," ते म्हणाले. "नाहीतर मी तो सीलबंद कशाला केला असता?"

"बाहेर बस जा, एर्मे," नीबिया म्हणाली. हे ती इतकं साधेपणाने म्हणाली की ते गेले.

घरात टेबल उरलं नव्हतं. एवढी लांब पट्टी अंथरायला जमिनीवरही जागा नव्हती, सगळीकडे खोकी. सुल्माने पट्टीचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं ओब्दूलियाकडे केलं. ओब्दूलियाने हातातलं ताट खाली ठेवलं, हात मांडीला पुसले आणि टोक धरलं. दोघींनी मिळून कापड हवेत ताणलं. नीबियाने टेप लावला आणि खडूने रेघ ओढायला घेतली.

"घेतला नव्हतास," सुल्मा म्हणाली, "तर कबूल कशाला केलंस?"

ओब्दूलिया कापडाकडेच बघत होती.

"शनिवारी नऊची बस आहे माझी," ती म्हणाली. "खरं खोटं करत बसायला वेळ होता का? म्हटलं, चोर म्हणून गेले तरी चालेल, तुझ्याशी न बोलता जाणं काही मला जमायचं नाही."

सुल्माने पट्टीचं टोक मुठीत आणखी घट्ट आवळलं. मग म्हणाली, "नीट धर. रेघ वाकडी जातेय."

"मी सरळच धरलंय. हात तुझा हलतोय."

हात दोघींचेही हलत होते. नीबियाने खडू उचलून घेतला आणि त्या थांबायची वाट बघत उभी राहिली.